सत्तराव्या मिनिटानंतर

चिफुंदा माइनर्स हा संघ एकोणीस वर्षांत पाच वेळा वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचा प्लेऑफ खेळला. पाचही वेळा पहिला सामना परगावी झाला आणि तो संघाने एकदाही गमावला नाही. तीन जिंकले, दोन बरोबरीत सोडवले. पाचही वेळा दुसरा सामना घरच्या मैदानावर झाला आणि पाचही वेळा संघ हरला. घरच्या या पाच सामन्यांत त्याच्यावर बारा गोल झाले. त्यांपैकी अकरा सत्तराव्या मिनिटानंतर झाले.

एवढे लिहिलेला कागद फेबी न्कोलेने बा लुम्ब्वे यांच्या पुढ्यात ठेवला. ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण ओसरीवरचा पत्रा तडतडू लागला होता. बा लुम्ब्वे त्र्याहत्तर वर्षांचे होते. एकतीस वर्षे त्यांनी तांब्याच्या खाणीत मुकादमी केली होती आणि जवळजवळ तेवढीच वर्षे ते संघाच्या चाहतेमंडळाचे अध्यक्ष होते. खाणीची धूळ त्यांच्या छातीत कायमची बसली होती. डिसेंबरात मुलगा त्यांना लुआपुलाकडे, गावी नेणार होता, आणि तिथून ते परतणार नाहीत हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होते. यंदा संघ सहाव्यांदा प्लेऑफला आला होता. माइनर्सना एकदा वर गेलेले पाहायचे, मग खुशाल गावी जायचे, एवढेच त्यांचे मागणे होते.

त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मायो, हे मला माहीत आहे. मी होतो ना तिथे पाचही वेळा. मी तुला आकडे नव्हते मागितले, कारण मागितलं होतं."

"कारण आकड्यांतूनच निघतं, ताता. असलंच तर."

"असलंच तर म्हणजे?"

"कधीकधी नसतं. नाणं उडवलं तर तेही लागोपाठ तीनदा एकाच बाजूला पडतं."

"अकरा वेळा पडतं?"

"नाही. बारातून अकरा वेळा नाही पडत."

"मग शोध. शिकलीस ना एवढी? तुझा बाप म्हणायचा, माझी पोरगी पाण्याच्या थेंबातले किडे मोजते. डिसेंबरच्या आत मला सांग आमचं काय चुकतंय. नाहीतर तिकडे बाओबाबच्या झाडाखाली बसून मी हाच विचार करत मरेन."

फेबीचा बाप आणि बा लुम्ब्वे एकाच पाळीत खाली उतरत. म्हणून ती त्यांना ताता, म्हणजे वडील, म्हणे आणि ते तिला मायो, म्हणजे आई. ती स्वतः चोपन्न वर्षांची होती. नगराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती रोज सकाळी क्लोरीनचे प्रमाण तपासून नोंदवहीत सही करी. कासुबा या थोरल्या मुलीच्या नावावरून वस्तीत तिला सगळे बाना कासुबा म्हणत. पाचही प्लेऑफ तिने पूर्वेकडच्या सिमेंटच्या त्याच पायरीवरून पाहिले होते आणि प्रत्येक गोलाचे मिनिट टिपले होते. पाचव्या वेळी ती रडलीही होती. अर्थात, मिनिट आधी टिपले होते.

वस्तीकडे कारणांची वाण नव्हती. सर्वांत जुने कारण असे की उत्तरेकडच्या गोलाखाली कुणीतरी काहीतरी पुरले आहे. १९९९च्या पराभवानंतर चाहत्यांनी तिथे कंबरभर खड्डा खणला होता. एक गमबूट आणि फावड्याचा अर्धा दांडा सापडला. गमबूट जाळण्यात आला. फेबीने मोजले: अकरा गोलांपैकी सहा उत्तरेला आणि पाच दक्षिणेला झाले होते. पुरलेली वस्तू दोन्हीकडे सारखीच परिणामकारक असेल तर तिला पुरण्याचे कष्ट कशाला? दुसरे कारण पंच. अकरांत पेनल्टी एकच होती, आणि ती योग्य होती; याबद्दल फेबीशी कुणी वाद घालत नसे, फक्त पुढचे दोन दिवस बोलत नसे. तिसरे कारण दमछाक. त्यासाठी तिने त्याच पाच वर्षांतले घरचे लीग सामने तपासले. त्यांत संघावर अठ्ठेचाळीस गोल झाले होते, त्यांतले बारा सत्तराव्या मिनिटानंतर. चौथा हिस्सा म्हणजे कुठल्याही धडधाकट संघाचे प्रमाण. तेच खेळाडू, तेच मैदान, तेच ऊन. लीगमध्ये ते नव्वद मिनिटे धावत आणि प्लेऑफमध्ये सत्तर.

भीती हे कारण तिने काही दिवस जपून ठेवले होते, कारण ते खोडून काढणे अवघड होते. पण भ्यालेला माणूस पहिल्या मिनिटापासून भ्यालेला असतो.

डावपेचांचीही तीच गत. पाच प्लेऑफना पाच प्रशिक्षक झाले. एकाने घरच्या सामन्यात बचाव केला, दुसऱ्याने हल्ला केला, तिसऱ्याने मागे पाच जण उभे केले, चौथ्याने चेंडू नुसता आपसांत फिरवत ठेवला. उरलेला, सर्वांत पहिल्या प्लेऑफचा, कोण होता आणि त्याने काय केले हे कुणाला आठवत नव्हते, फक्त तो हरला हे आठवत होते. पाच वेगवेगळी औषधे देऊनही दुखणे त्याच घटकेला उठत असेल, तर ते औषधांत नाही. उरल्या होत्या प्लेऑफपुरत्या पाळल्या जाणाऱ्या खबरदाऱ्या. फाटकातून आत न जाता भिंतीवरून उडी मारून जायचे, कपडे खोलीत न बदलता बसमध्ये बदलायचे, पाहुण्यांशी हात मिळवायचा नाही, बा लुम्ब्वेंच्या हातचेच पाणी प्यायचे, मोजे उलटे घालून मग सुलटे करायचे. या गोष्टी निरुपद्रवी समजून फेबीने त्या विचारातून वगळल्या होत्या.

मंगळवारी ती सरावाच्या मैदानावर गेली. यंदाचा प्रशिक्षक न्गांदू छत्तीस वर्षांचा होता, काब्वेहून आलेला, आणि या गावात पहिल्याच वर्षी प्लेऑफला पोहोचल्यामुळे अजून झोप लागणारा.

"बाना कासुबा, मी तुमचा कागद पाहिला," तो म्हणाला. "मुदालांनी दाखवला." मुदाला म्हणजे म्हातारबाबा; बा लुम्ब्वेंना मागे आणि पुढे सगळे हेच म्हणत. "माझा बेत साधा आहे. पहिल्या सामन्याला मुतांदाला जाऊन पहिल्या मिनिटापासून चढाई. इथे घरी चेंडू आपल्याकडे ठेवायचा. आणि तीन बदल्यांपैकी दोन मी सत्तर मिनिटांपर्यंत काढतच नाही. सत्तर वाजले की ताजे पाय आत. बघू मग काय होतं ते."

"हा बेत मला आवडला," फेबी म्हणाली. "चुकला तरी त्यातून काहीतरी कळेल."

"चुकला तर माझी नोकरी जाईल हे कळेल."

"तेही. कोच, मला पोरांची वजनं हवीत. दोन्ही मॅचना, सकाळी एकदा आणि मॅच संपल्या संपल्या एकदा. जमलं तर नाडीचे ठोके."

"काय शोधताय?"

"माहीत नाही. माहीत नसलं की जे मोजता येईल ते मोजायचं."

बाकावर बसलेले बा लुम्ब्वे ताडकन उभे राहिले. "वजन? मायो, वजन बोकडाचं करतात. कापायच्या आधी!"

खेळाडू हसले. गोलरक्षकाने बोकडासारखा आवाज काढला.

"तुम्हीच म्हणालात, कारण शोध."

"म्हणालो. काटा घेऊन ये असं म्हणालो का? मॅचच्या दिवशी पोरांना कुणाच्याही वस्तूवर उभं करायचं! त्या काट्याला आधी कोण शिवलं असेल काय ठाऊक?"

"दवाखान्यातला आहे. अर्धी वस्ती उभी राहिली असेल त्यावर."

"ऐकलंत? हीच म्हणतेय!"

पण त्यांनी शब्द दिला होता. अखेर त्यांनी तीन अटी घातल्या. काटा त्यांच्यासमोर धुवायचा. सामन्याच्या दिवशी खेळाडू चर्चच्या सभागृहात कोंडलेले असतात, तिथे बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही. दारात कोचने वजन करायचे. आणि आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. फेबीला तिन्ही मान्य होत्या. तिसरी तर तिनेही सुचवली असती.

पुढच्या रविवारी संघ मुतांदा रोव्हर्सशी खेळायला निघाला. फेबीही बसमध्ये होती, आणि तिथे तिने माइनर्सची एक पद्धत प्रथमच जवळून पाहिली. गाव सोडून तासभर झाल्यावर बा लुम्ब्वेंनी चेहऱ्यावर टॉवेल टाकला, डोके मागे टेकले आणि हात जोडून बसले. बस धावत होती. मग एकाएकी ते ओरडले, "थांबव!"

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. रस्त्याकडेला दोन बायका पाणी, भाजलेले शेंगदाणे आणि केळी विकत बसल्या होत्या. खेळाडूंनी उतरून त्यांच्याकडचे सगळेच्या सगळे पाणी उचलले, साठेक बाटल्या.

"कुठे थांबायचं हे मला स्वतःलाही माहीत नसतं," टॉवेल बाजूला करत बा लुम्ब्वे फेबीला म्हणाले. "मग दुश्मनाला कुठून कळणार? कोण येऊन काय मिसळणार?"

"आणि त्या बायकांकडे पाणी नसतं तर?"

"पुन्हा टॉवेल."

चिफुंदात आजवर तिने पाहिलेली ही पहिलीच खरीखुरी यादृच्छिक निवड होती, आणि ती त्यांना तसे म्हणालीही. बा लुम्ब्वेंना शब्द कळला नाही, पण कौतुक कळले. दिवसभरात पोरांनी त्या बाटल्या संपवल्या. माइनर्सनी तो सामना दोन-एकने जिंकला. त्यांच्यावरचा एकमेव गोल पंधराव्या मिनिटाला झाला होता. संध्याकाळी वजने भरली: सकाळपेक्षा सरासरी नऊशे ग्रॅमने कमी. फेबीने ती लिहून ठेवली. एकाच आकड्याची तुलना कशाशी करणार?

मधल्या आठवड्यात वस्ती फार नीट वागली. कुणी उड्या मारल्या नाहीत. बाजारात भाजीवाल्या बायका एकमेकींना हळूच विचारत, "यंदा काय वाटतं गं?" आणि उत्तर येई, "नाव नको काढूस." पाच वेळा तोंड पोळलेल्या माणसांचा आनंद तसाच असतो, ती त्याच्याकडे सरळ पाहत नाहीत. बा लुम्ब्वेंच्या मुलाचा फोन आला, ट्रक ठरवू का म्हणून. ते म्हणाले, "सोमवारनंतर बोल."

दुसऱ्या रविवारी सावलीत छत्तीस अंश होते. सकाळी साडेसातला न्गांदूने सभागृहाच्या दारात सोळा खेळाडूंची वजने घेतली आणि दार बंद झाले. अडीच वाजता संघ भिंतीवरून उड्या मारून मैदानात उतरला. फेबीला यंदा प्रथमच पायरी सोडून संघाच्या बाकाशेजारी बसायची परवानगी होती. तिच्या हातात घड्याळ आणि वही होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बा लुम्ब्वे बसले होते, दोन पायांमध्ये पिवळा पाच लिटरचा तेलाचा कॅन घट्ट धरून. आत त्यांनी स्वतः उकळून गार केलेले पाणी होते.

पूर्वार्ध न्गांदूच्या बेताप्रमाणे गेला. चेंडू माइनर्सकडे होता, मुतांदाचे खेळाडू त्यामागे धावत होते. एकतिसाव्या मिनिटाला उजव्या बगलेवरून आलेल्या पासवर गोल झाला. एकूण तीन-एक. पूर्वेकडची पायरी नाचू लागली, पण फेबीने पाहिले, वयस्क माणसे बसूनच होती. ती सत्तराव्या मिनिटाची वाट पाहत होती.

एकाहत्तराव्या मिनिटाला मुतांदाने गोल केला. बचावपटूंपैकी दोघे चेंडूपासून चार पावलांवर होते आणि ती चार पावले त्यांनी टाकली नाहीत. तीन-दोन.

"आला," बा लुम्ब्वे पुटपुटले. गोल नव्हे, दर वेळचा तो फेरा आला असे त्यांना म्हणायचे होते.

न्गांदूने लगेच दोन ताजे खेळाडू आत पाठवले. त्यांतला ल्वांदो हा बावीस वर्षांचा मधल्या फळीतला पोरगा संघात सर्वांत जास्त धावणारा म्हणून ओळखला जाई. फेबीने घड्याळ त्याच्यावर लावले. चार मिनिटे तो धावला. पाचव्या मिनिटाला तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

फेबीची पेन्सिल थांबली. दमलेला माणूस वाकतो. पण हा दमला कशाने? हा तर दुपारभर बाकावर बसून होता.

एकोणऐंशीव्या मिनिटाला तीन-तीन झाले. एक बचावपटू धापा टाकत रेषेपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. बा लुम्ब्वेंनी कॅनच्या टोपणात पाणी ओतून दिले. त्याने ते एका घोटात संपवले आणि हात तसाच ठेवला.

"बास, पोरा. जादा वेळ येतोय. त्यासाठी ठेवलंय."

"मुदाला, एकच."

"जादा वेळात देतो ना! अर्धा तास खेळायचंय अजून. तेव्हा कुठून आणू?"

जादा वेळ आला नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मुतांदाचा एक उंच खेळाडू मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन निघाला आणि वाटेत त्याला कुणी भेटले नाही. तीन-चार.

शिट्टी वाजल्यावर लोक गेले नाहीत. कुणी दगड मारला नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. पायऱ्यांवर चारेक हजार माणसे गप्प बसून राहिली, बस चुकली असावी आणि पुढची बस नाही हे कळले असावे तशी. बा लुम्ब्वे बाकावरून उठले, खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, कॅन उचलला आणि चालत घरी गेले. फेबीला त्यांच्यामागे जावेसे वाटले. ती बसकडे गेली, कारण वजने सामना संपल्या संपल्या घ्यायची होती.

"आत्ता?" न्गांदू म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "बाना कासुबा, आत्ता?"

"आत्ताच, कोच. कुणालाही काहीही प्यायला देऊ नका, दहा मिनिटं. मग हवं तेवढं द्या."

एकेक जण काट्यावर चढला. कुणी बोकडाचा आवाज काढला नाही. नव्वद मिनिटे खेळलेल्यांची घट सरासरी दोन किलो आठशे ग्रॅम निघाली. मुतांदाला झालेल्या घटीच्या तिप्पट. ल्वांदो अठरा मिनिटे खेळला होता. त्याची घट एक किलो नऊशे. राखीव गोलरक्षक बूट बांधून नुसता बसला होता. त्याची एक किलो चारशे. फेबीने काटा शून्यावर आणून त्याला पुन्हा उभे केले. पुन्हा एक किलो चारशे.

जो खेळलाच नाही तो वाळला होता.

"ल्वांदो," तिने विचारले, "सकाळपासून काय काय प्यायलास?"

"चहा. सातला, वजनाच्या आधी."

"नंतर?"

"मुदालाचं पाणी."

"किती?"

त्याने बोटांनी टोपणाचा आकार दाखवला. "जेवताना तीन-चार. मग मध्यंतराला दोन."

"जेवायला काय होतं?"

"मक्याच्या पिठाची न्शिमा, सुकी मासळी. नेहमीचंच. मुतांदालाही तेच होतं."

"मुतांदाला पाणी किती प्यायलास?"

"तिथे काय, बाटल्या होत्या. चार प्यायलो असेन. पाच."

"आणि लीगच्या मॅचला, इथे घरी?"

"लीगला ड्रम असतो ना. नळाचं. प्यायचं हवं तेवढं." तो तिच्याकडे गोंधळून पाहत होता. "प्लेऑफला ड्रम कसा ठेवणार, बाना कासुबा? ड्रम कुठे ठेवतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे."

बसशेजारीच नळ होता. त्या नळाच्या पाण्याच्या नोंदीवर त्या दिवशीची तिची सही होती. दहा मिनिटे संपली तसे तिने त्यांना सांगितले, प्या. खेळाडू एकमेकांकडे पाहू लागले. मग ल्वांदो नळाखाली वाकला आणि पुष्कळ वेळ वाकूनच राहिला.

सोमवारी सकाळी ती बा लुम्ब्वेंकडे गेली. ते अंगणात स्टुलावर बसले होते आणि त्यांनी कोंबड्यांना मका टाकला होता. रात्रभर झोपले नसावेत.

"बस," ते म्हणाले. "सापडलं?"

फेबीने वाटेत दोन उत्तरे तयार केली होती. एक खरे होते. दुसरे म्हणजे, अजून सापडले नाही. पाच आठवड्यांत ते गावी जाणार होते.

"तोंड बघून कळतंय सापडलंय ते," बा लुम्ब्वे म्हणाले. "आणि मला आवडणार नाही हेही कळतंय. मायो, तू मला जन्मात कधी गोड बोलली नाहीस. आज सुरू करू नकोस."

"ताता, कॅनमध्ये किती उरलंय?"

"दोन लिटर. दरवेळी दोनच ठेवतो. जादा वेळेसाठी."

"आजवर कधी जादा वेळ झाला?"

त्यांनी आठवून पाहिले. "नाही. सहाही वेळा नाही."

"म्हणजे सोळा जणांना तीन लिटर. सकाळपासून सभागृहाच्या पत्र्याखाली, मग मैदानात. ताता, त्यांना तहान लागते. एवढंच आहे. सत्तर मिनिटं अंगातलं पाणी पुरतं, मग संपतं. बाकावरच्यांचंही संपतं, म्हणून बदली खेळाडू आणून उपयोग होत नाही."

बा लुम्ब्वेंनी कोंबड्यांपुढे आणखी मूठभर मका टाकला. एक कोंबडी त्यांच्या चपलेवर चढून उतरली.

"पहिल्या वेळी कॅन नव्हता," ते म्हणाले. "एक्याण्णवला ड्रमच होता. तेव्हाही हरलोच की आपण, त्र्याऐंशीव्या मिनिटाला. दोन पोरांच्या पोटात मुरडा आला. म्हणून तर मी पाणी माझ्या हातात घेतलं."

"माहीत आहे. तेव्हा एक गोल झाला. एका गोलाला कारण लागत नाही, ताता. मुरडाही कुणालाही येतो."

"म्हणजे ड्रममध्ये काहीच नव्हतं."

"बहुतेक नाही. आता तपासता येणार नाही."

"मग नंतरचं सगळं..." त्यांचा श्वास घरघरत होता. सांत्वनाचे एखादे वाक्य आठवते का ते तिने पाहिले. आठवले नाही, पण एक खरी गोष्ट आठवली, आणि ती सांगायचीच होती.

"२००३ला तुम्ही तो कॅन माझ्याकडे आणला होता, ताता. तपासून दे म्हणालात. मी जंतू पाहिले, क्षार पाहिले, धातू पाहिले. उत्तम पाणी आहे असं लिहून सही केली. पाणी किती आहे हे मी पाहिलं नाही. किती जणांसाठी आहे हे विचारलं नाही. नाहीतर तेव्हाच कळलं असतं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले आणि अनपेक्षितपणे थोडासा हसला. "थेंबातले किडे मोजणारी."

"हो."

"कमिटीची बैठक कधी आहे?"

"गुरुवारी. कुणाचं नाव घेण्याची गरज नाही, ताता. मी सांगेन पाणी वाढवा, झालं."

"काही नको. नाव नाही घातलं तर पुढचा अध्यक्ष नवा कॅन आणेल आणि म्हणेल मुदालाची प्रथा आहे. माझं नाव आहे म्हणूनच ती पोरं तहानलेली बसतात. तेव्हा मोडायलाही माझंच नाव लागेल. लिही तू. मी वाचून दाखवतो."

फेबीने तिथेच, मांडीवर वही ठेवून लिहिले. बा लुम्ब्वेंनी दोनदा वाचून घेतले, एक शब्द बदलायला लावला ('अंदाजे'च्या जागी त्यांना 'मोजून' हवे होते, आणि ते बरोबर होते) आणि खाली सही केली. गुरुवारी कमिटीपुढे त्यांनी जे वाचले ते असे:

"प्लेऑफच्या घरच्या सामन्यांत आपल्या संघावर सत्तराव्या मिनिटानंतर आजवर चौदा गोल झाले. १९९१च्या एका गोलाचे कारण सांगता येत नाही. त्या पराभवानंतर पाण्यात काही मिसळले जाईल या भीतीने मी, म्वापे लुम्ब्वे याने, ड्रम बंद करून खेळाडूंचे पाणी स्वतः आणायला सुरुवात केली. ते पाच लिटर असे आणि त्यांतले दोन मी राखून ठेवीत असे. परगावी वाटेत विकत घेतलेले आणि लीगला ड्रममधले पाणी खेळाडू हवे तेवढे पीत, म्हणून तिथे असे घडले नाही. फेबी न्कोले यांनी २००३ साली हे पाणी तपासून शुद्ध ठरवले. ते पुरेसे आहे का हे त्यांनी पाहिले नाही. या वर्षी खेळाडूंच्या वजनातली घट मोजून सरासरी दोन किलो आठशे ग्रॅम भरली, न खेळलेल्याचीही एक किलो चारशे. मोजलेला पुरावा या एकाच सामन्याचा आहे. आधीच्या चार सामन्यांत पाणी तेवढेच होते. तेरा गोलांचे कारण तहान हे आहे."